अक्कांची लाकडी शर्यत

सावद्याच्या बस स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीशी वजनाचा काटा. दुकान टाकून महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट आणि केस मुलासारखे बारीक कापलेले अशी साठीची एक बाई रोज संध्याकाळी त्या काट्याजवळ येऊन उभी राहू लागली. औषध घ्यायची नाही, स्वतःचं वजनही करायची नाही. दुसरं कुणी काट्यावर चढलं की त्याच्या खांद्यावरून वाकून आकडा वाचायची, मान डोलवायची आणि मनात भरलेल्या माणसाला बाजूला घेऊन काहीतरी विचारायची. माणूस दचकून काढता पाय घ्यायचा. काही दिवस मी सोसलं. मग एकदा गल्ला सोडून बाहेर आलो आणि म्हटलं, "बाई, माझं गिऱ्हाईक पळतंय. तुम्हाला नक्की हवंय काय?"

तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचं वजन किती?"

आता मी अंगाने चांगला भरलेला माणूस आहे. घरात तुपाला कधी नाही म्हटलं गेलं नाही, त्याला मी काय करू? पण भर रस्त्यात असं कुणी विचारावं? रागाच्या भरात माझ्या तोंडून धुळ्याच्या गल्लीतली भाषा निघाली. "तुम्हले काय करनं शे मन्हा वजननं?"

बाईचा चेहरा एकदम उजळला. "अरे! तू आपलाकडला शे!" आणि मला श्वास घ्यायलाही सवड न देता पुढचं वाक्य आलं, "मोठा वाराले तुन्हासारखाच मानूस लागस. रविवारले काय करस?"

अशी माझी अक्कांशी ओळख झाली. त्या रविवारपासून माझे रविवार माझे राहिले नाहीत.

अक्का मूळच्या पिंपळनेरच्या. खेळाच्या शिक्षिका म्हणून सावद्याच्या शाळेत आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. सावद्याकडची बोली वेगळी, पिंपळनेरची अहिराणी वेगळी. वर्गात आणि सभेत अक्का शुद्ध मराठी बोलत, पण राग, आनंद आणि वारा या तीन गोष्टी आल्या की अहिराणीशिवाय त्यांचं भागत नसे. आमचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण तीन पिढ्या धुळ्यात गेल्या. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि गल्लीत अहिराणी, असं माझं शिक्षण. एवढ्या सावद्यात अक्कांशी त्यांच्या भाषेत बोलणारा मी एकटाच निघालो, आणि मला वाटतं, माझ्या वजनापेक्षा त्यांना त्याचाच जास्त आनंद झाला होता. मला त्या 'शेठ' म्हणत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी आगाऊपणे कारण विचारलंच तर म्हणत, "वजन जमनं नही."

वजनाचं हे वेड होतं शिडाच्या होड्यांपायी. डिंगी म्हणतात ती छोटी, उघडी, दोन माणसांची होडी असते. एकजण मागे बसून सुकाणू धरतो, दुसरा पुढे बसून छोटं शीड सांभाळतो, आणि वारा वाढला की दोघांनी होडीच्या काठाबाहेर अंग झोकून तिला कलंडू द्यायचं नाही. म्हणजे माणसाचं वजन हेच होडीचं भांडवल. हलक्या वाऱ्याला हलका माणूस, जोराच्या वाऱ्याला माझ्यासारखा. अक्का कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल पथकातून कोकणातल्या एका क्लबात शिबिराला गेल्या होत्या. तिथे त्यांनी पहिल्यांदा शीड ओढलं. "माले समुद्रनी भूल पडनी नही," त्या सांगत, "वारानी पडनी. वारा काय कोना बापना शे? तो पिंपळनेरले बी येस."

पुढे त्या क्लबाने फायबरच्या नव्या बोटी घेतल्या आणि जुन्या लाकडी बोटी शेडमागे टाकून दिल्या. त्या वेळी अक्का शाळेची सहल घेऊन तिकडे गेल्या होत्या. मुलं समुद्र बघत होती आणि बाई शेडमागे वाळवी लागलेली बोट बघत होत्या. शेवटी त्यांनी क्लबाकडून ती मागून घेतली. यावलचे युनूसभाई तेव्हा मुंबईकडे केळी घेऊन जायचे आणि ट्रक बहुधा रिकामा परत आणायचे. अक्कांनी त्यांना गाठलं. बोट बघून युनूसभाई म्हणाले होते, "अक्का, ये तो किसी के घर का दरवाजा लगता है." तो दरवाजा सावद्याला आला, अक्कांनी त्याच्या फळ्या बदलल्या, राळ भरली, शीड शिवून घेतलं आणि तापीच्या धरणामागच्या पाण्यात सोडला. मग अशा टाकलेल्या आणखी तीन बोटी कुठून कुठून आल्या. त्यांची नावं अक्कांनी आपल्या केळीच्या वाणांवरून ठेवली: बसराई, श्रीमंती आणि महालक्ष्मी. चौथीचं नाव मात्र पांझरा, पिंपळनेरच्या नदीचं. तिथे माहेर आडवं आलं असावं. दरवाजा म्हणून हिणवणारे युनूसभाई दोन वर्षांत महालक्ष्मीचं सुकाणू धरू लागले. बाकीच्या बऱ्याचशा जागा अक्कांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरल्या.

माझा पहिला रविवार मी कधी विसरणार नाही. मला पोहता येतं ते विहिरीपुरतं. अंगात फुगीर जाकीट घालून मी श्रीमंतीत पुढे बसलो आणि देवाचं नाव घेत दोन्ही हातांनी काठ धरून ठेवला. अक्का मागून ओरडत होत्या, "शेठ, शीड धर, बोट नको धरू!" मी बोट सोडली नाही. वाऱ्याचा एक झोत आला, मी घाबरून चुकीच्या बाजूला सरकलो आणि श्रीमंती सरळ आडवी झाली. पाण्यातून डोकं वर काढतो तर अक्का उलट्या होडीच्या तळावर उभ्या राहून हसत होत्या. मी संतापून म्हणालो, "अक्का, मी बुडी जातू!" त्यावर त्या म्हणाल्या, "बुडाले पानी लागस शेठ. भ्याले काहीच नही लागस." मग त्यांनी मला होडी सरळ कशी करायची ते शिकवलं. त्या सकाळी ती विद्या मला पुन्हा पुन्हा वापरावी लागली.

हे सगळं खूळ रविवारपुरतंच राहिलं असतं, पण अक्कांचा जीव अडकला होता तो त्या कोकणातल्या क्लबाच्या एका शर्यतीत. दरवर्षी थंडीत तिथे जुन्या लाकडी होड्यांची शर्यत लागायची. क्लबाच्या बाकीच्या शर्यतींना सभासद लागे, लाखमोलाची बोट लागे, शिफारस लागे. या एका शर्यतीला एवढंच लागे की होडी लाकडाची असावी. माणूस कुणीही चाले. अक्का दरवर्षी एसटीने एकट्या जात, तिथल्या कुणाच्या तरी होडीत पुढे बसत आणि शर्यत खेळून परत येत. "आपले समुद्रमां जावाले एवढंच एक दार शे," त्या म्हणत. "बाकी बठ्ठा दारंवर पाटी शे."

गेल्या वर्षी क्लबाच्या कॅप्टनचा फोन आला. कॅप्टन म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी, व्यापारी जहाजावरून निवृत्त झालेले, उंच, करकरीत आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधणारे गृहस्थ. फोन माझ्या दुकानात, माझ्यासमोर आला. कॅप्टन म्हणाले, "बाई, गेल्या वेळी रेषेवर तीन होड्या होत्या. तीन होड्यांना शर्यत म्हणत नाहीत. कमिटीने ठरवलंय, यंदापासून दहा होड्या आल्या तर ठीक, नाहीतर ही शर्यत कायमची बंद. शेडची जागा वॉटर स्कूटरवाल्याला द्यायची आहे."

अक्का म्हणाल्या, "दहा येतील," आणि फोन ठेवला. मी विचारलं, "अक्का, दहा कोठून लयनार?" त्यांनी काउंटरवरची खडीसाखर तोंडात टाकली. "बोट लाकूडनी व्हस, शेठ. शर्यत मानसंनी व्हस. आपले बोटी नही, मानसं शोधना शेत."

आणि त्या शोधायला निघाल्या. आधी कोकणात गेल्या, आठवडाभर. परत आल्या तेव्हा उन्हाने काळ्या पडल्या होत्या आणि चांगल्याच भडकल्या होत्या. लाकडी होड्या तिथे होत्या. कुणाच्या परसात पालथी घातलेली, कुणाच्या पडवीत सरपणाखाली दबलेली. नव्हती ती माणसांची हौस. एकाचे गुडघे दुखत होते, एकाच्या मुलाला लाकडी होडीची लाज वाटत होती, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं असं की आता कोण बघतंय त्या शर्यतीला. वामनकाका म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, ते तर स्पष्टच म्हणाले, "बाई, तुम्ही घाटावरच्या. तुम्हाला समुद्राचं अप्रूप. आम्हाला तो रोजचाच."

ते ऐकून दुसरा कुणीही गप्प बसला असता. अक्कांनी तिथल्या तिथे त्यांना आणि अशा आणखी सगळ्यांना सावद्याला जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं. का, तर भरीत खायला.

आमच्याकडे थंडीत नदीकाठी भरताची पार्टी करतात, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. पण शर्यतीसाठी भरीत लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी म्हणालो, "अक्का, त्या मासा खावावाळा लोक, वांगंसाठी इतला लांब येतीन का?" अक्का म्हणाल्या, "येतीन. कंटाळेल मानूसले बलावनं पडस, समजाडनं नही."

आणि आले की हो! भुसावळ स्टेशनवर एका सकाळी कोकणातली बारा-तेरा माणसं उतरली. काही कुतूहलाने आली होती, काही जणांना खानदेश बघायचा होता, एकजण बायकोशी भांडून आला होता. युनूसभाईंनी त्यांना ट्रकमध्ये उभं करून धरणाच्या काठावर आणलं. तिथे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला जात होता, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या. मी जैन, वांगं खात नाही. अक्कांनी माझ्यासाठी कच्ची केळी निखाऱ्यात भाजून त्यांचं बिनालसणाचं भरीत केलं होतं. त्या गर्दीत त्यांना हे आठवलं होतं, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्यांची कुठलीही चाकरी केली असती.

जेवण मात्र त्यांनी लगेच वाढलं नाही. "भरीत मुरू द्या," म्हणाल्या. "तवरोक पानीवर एक चक्कर मारी या." चार होड्या काठाशी शिडं चढवून तयार होत्या. वामनकाका म्हणाले, "हे गोडं पाणी, तळ्यातला वारा. यात काय चक्कर मारायची?" आणि बसराईत चढले. धरणावरचा वारा कसा आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. समुद्रावरचा वारा सांगून येतो. आमचा डोंगराकडून येतो, मध्येच पडतो, मध्येच दिशा बदलतो. पाच मिनिटांत वामनकाका पाण्यात होते. बाहेर आले ते ओले, थरथरत आणि पोरासारखे हसत. पुन्हा चढले. दुपार उलटून गेली तरी काठावरची माणसं "आता माझी पाळी" म्हणून भांडत होती आणि भरीत थंड होत होतं. जेवताना वामनकाकांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. निघताना ते अक्कांना म्हणाले, "माझी होडी सरपणाखाली आहे. गेल्यागेल्या काढतो."

तीन होड्यांच्या सहा झाल्या. आमच्या चार मिळून दहा. एकही जास्त नाही.

आजवर अक्का एकट्या जात, तिथल्यांच्या होडीत बसत. आमच्या होड्या समुद्रावर न्यायची ही पहिलीच वेळ. युनूसभाईंच्या ट्रकमध्ये आम्ही केळीच्या पानांच्या जाड गाद्या घातल्या, त्यावर दोन होड्या पालथ्या, पुन्हा पानं, पुन्हा दोन होड्या. घड जसे घासू नयेत म्हणून रचतात, तशाच. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही क्लबाच्या खाडीवर पोचलो. पाणी अगदी काठापर्यंत भरलेलं होतं. होड्या उतरवल्या, डोलकाठ्या उभ्या केल्या आणि नेहमीप्रमाणे काठाजवळ, उतरायला सोयीच्या जागी, खुंट ठोकून बांधल्या. अक्कांनी स्वतः फिरून गाठी तपासल्या. मग सगळे नाव नोंदवायला आणि आंबोळ्या खायला गेलो.

परत आलो तर खाडी नव्हती.

म्हणजे होती, पण पार तिकडे, लांब. आमच्या आणि तिच्यामध्ये काळाभोर चिखल पसरला होता आणि त्यात आमच्या चार होड्या बसलेल्या म्हशींसारख्या एका अंगावर कलल्या होत्या. कोकणातल्या सहा होड्या तिकडे खोल पाण्यात डौलात डुलत होत्या. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. आमच्या धरणाचं पाणी उतरतं ते उन्हाळ्यात, वीतभर, महिन्याभरात. सकाळी असलेलं पाणी दुपारी जातं, ही गोष्ट आम्हाला पुस्तकातून माहीत होती, पण हातापायांना माहीत नव्हती. अक्कांनाही नाही. आजवर त्यांच्या होडीची काळजी तिथल्या माणसांनी घेतली होती. शर्यत भर दुपारी बाराला होती आणि पाणी परत यायला तिसरा प्रहर होणार होता.

कॅप्टन आपल्या मोटारबोटीतून चिखलाच्या कडेपर्यंत आले आणि कर्ण्यातून म्हणाले, "बाई, भरती-ओहोटीचं वेळापत्रक दारावर लावलंय. वाचलं नाहीत?"

अक्का म्हणाल्या, "साहेब, दुपारी निघून जाणारं पाणी आम्ही कधी पाळलं नाही."

तिकडे काठावर जमलेले लोक हसले. कॅप्टन हसले नाहीत, पण घड्याळ बघून म्हणाले, "बाराला रेषेवर दहा हव्यात. माझा नाइलाज आहे." आणि बोट वळवून गेले.

अक्कांनी बूट काढले. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या चिखलात उतरल्या. श्रीमंतीच्या मागच्या टोकाला खांदा लावला आणि ढकलू लागल्या. एकट्या. आम्हाला काही सांगितलंही नाही. मग आम्हीच भानावर आलो. युनूसभाई ट्रककडे धावले आणि पानांचे भारे घेऊन आले. ती पानं होडीच्या तळाखाली सारली तशी श्रीमंती सरकली. वीसेक हात गेली असेल. पुढे चिखल पातळ होता. पानं खाली गेली, होडी रुतली आणि युनूसभाई मांडीपर्यंत आत गेले. त्यांना आम्ही ओढून काढलं. माझी छाती भात्यासारखी चालत होती. मी म्हणालो, "अक्का, ऱ्हाऊ द्या आते. नही व्हई."

"नही व्हईचं नाव नको काढू, शेठ," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर चिखल होता आणि डोळ्यांत पाणी. ते पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. "ही शर्यत बंद पडनी ना, तं आपलासाठे परत कोनी उघडाव नही."

तेवढ्यात तिकडे पहिला भोंगा झाला. पाच मिनिटं राहिली. अक्कांनी पुन्हा खांदा लावला. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, दयाही आली, आणि दोन्ही गिळून मी शेजारी खांदा लावला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग युनूसभाई म्हणाले, "अक्का, उधर देखो."

सहा होड्यांपैकी एकीचं शीड खाली येत होतं. ती वामनकाकांची होडी. त्यांनी शीड पूर्ण उतरवलं, गुंडाळलं आणि होडीत मांडी घालून बसले. मग शेजारच्या होडीचं शीड खाली आलं. मग तिसरं. कॅप्टनच्या कर्ण्यातून प्रश्नावर प्रश्न येत होते. पाण्यावरून आवाज लांब जातो, म्हणून वामनकाकांचं उत्तर आम्हाला चिखलात उभ्या उभ्या ऐकू आलं. मुख्याध्यापकाचाच आवाज तो. "कॅप्टन, यांच्याकडे जेवून आलोय आम्ही. यांना चिखलात ठेवून शर्यत लावायची असेल तर तुम्ही एकट्यानेच पळा."

सहाही शिडं उतरली. दुसरा भोंगा झालाच नाही. कॅप्टन बराच वेळ आपल्या बोटीत उभे होते, एकदा या घड्याळाकडे, एकदा त्या घड्याळाकडे बघत. मग कर्णा उचलून म्हणाले, "कमिटीच्या ठरावात दिवस लिहिलाय, वेळ लिहिलेली नाही. वेळ मी ठरवतो. शर्यत भरतीचं पाणी आल्यावर."

अक्का चिखलातच खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. आम्ही सगळे तिथेच बसलो, आणि पाणी हळूहळू, अगदी मुंगीच्या पावलाने, आमच्या पायांपर्यंत आलं.

तिसऱ्या प्रहरी रेषेवर दहा होड्या उभ्या राहिल्या. वारा सणसणीत सुटला होता. मी काठाबाहेर इतका झुकलो होतो की लाटा पाठीला लागत होत्या, आणि भीती वाटायला मला सवडच मिळाली नाही. आम्ही सातवे आलो. एका वळणावर मी शीड सोडायला उशीर केला म्हणून अक्कांनी मला किनाऱ्यापर्यंत अहिराणीत शिव्या घातल्या. शर्यत वामनकाकांनी जिंकली. बक्षीस समारंभाला अक्का थांबल्याच नाहीत. त्या धक्क्यावर फिरत होत्या आणि शर्यत बघायला आलेल्या दोन अनोळखी धिप्पाड माणसांना विचारत होत्या, "तुमचं वजन किती?" ट्रकमध्ये चढताना मला म्हणाल्या, "पुढला साले बारा."

पुढच्या साली बारा होणार होत्या. वामनकाकांनी आणखी दोन होड्या शोधून ठेवल्या होत्या. यंदाच्या मार्गशीर्षात, शर्यतीला महिना उरलेला असताना, अक्का सकाळी चहा टाकायला उठल्या, ओट्याशी जरा टेकल्या आणि गेल्या. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. माझ्या दुकानातून त्यांनी सर्दीच्या गोळीपलीकडे कधी काही नेलं नव्हतं. मी दुकान बंद ठेवलं. घरी म्हणाले, अशाने धंदा कसा चालेल. मला काही सुचत नव्हतं, एवढंच खरं.

त्यांच्या भाड्याच्या घरापुढे मांडव घातला होता. पिंपळनेरहून त्यांचे थोरले भाऊ, नाना, आले होते. दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, माणसं येत होती, पाणी घेत होती, दोन शब्द बोलून उठत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी कोकणातली माणसं आली. वामनकाका होते आणि त्यांच्यामागे, पांढऱ्या शर्टात, कॅप्टन.

कॅप्टन नानांच्या शेजारी सतरंजीवर बसले. उंच माणसाला मांडी घालायला त्रास होत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "कमिटीचा ठराव झालाय. बाईंची होडी, श्रीमंती, आमच्या फाटकाशी चौथरा बांधून त्यावर ठेवायची. खाली त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. आणि शर्यतीचं म्हणाल तर यंदा तुमच्याकडून कुणी आलं नाही तरी चालेल. दहाची अट मी काढून टाकतो."

मांडवातल्या माणसांना ते फार आवडलं. कुणी म्हणालं, सावद्याचं नाव झालं. कुणी म्हणालं, बाईंचं सोनं झालं. नानांनी हात जोडले. मी कोपऱ्यात बसलो होतो. मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही, दुकानदाराने बोलूही नये. पण माझ्या डोळ्यांपुढे ती होडी आली, कोरडी, रंगवलेली, चौथऱ्यावर बसवलेली.

"नाही," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. "श्रीमंती चौथऱ्यावर बसणार नाही, कॅप्टनसाहेब. ती पाण्यावर येईल. आणि दहाची अट काढू नका. अक्कांनी तुमच्याकडे कधी सूट मागितली नाही. आमच्या चार होड्या येतील."

वामनकाकांनी मान खाली घातली. कॅप्टन मृदूपणे म्हणाले, "अहो, पण श्रीमंती चालवणार कोण?"

"मी," म्हणालो आणि म्हटल्यावर मलाच धक्का बसला. मी आजवर पुढेच बसलो होतो. सुकाणू कधी हातात धरलं नव्हतं.

"आणि पुढे?"

होडीला दोन माणसं लागतात. युनूसभाई महालक्ष्मीवर, बाकीचे आपापल्या होड्यांवर. मी मांडवातल्या एकेका चेहऱ्याकडे बघू लागलो आणि चेहरे दुसरीकडे बघू लागले.

कॅप्टननी आधी एका मनगटावरचं घड्याळ काढलं, मग दुसऱ्यावरचं. दोन्ही शर्टाच्या खिशात ठेवली. "आयुष्यभर शर्यती लावल्या," ते म्हणाले. "भोंगा यंदा दुसरा कुणीतरी वाजवेल. पुढे कसं बसायचं, ते मात्र तुम्हाला शिकवावं लागेल. केव्हा सुरू करायचं?"

मी म्हणालो, "आत्ता. चारनंतर धरणावरचा वारा पडतो."

बोलून गेलो आणि मग भान आलं की आपण कुठे बसलोय. मी नानांकडे पाहिलं. म्हातारा माणूस, डोळे लाल झालेले. मांडवातून असं उठून होडी चालवायला जाणं कुठल्या रीतीत बसतं?

नानांनी मांडवाबाहेर हात दाखवला. मग म्हणाले, "जाय भो. ती ऱ्हाती तं कव्हयच उठी जाती."

आम्ही उठलो.